'स्ट्राइक' : एका इंग्रजी क्रियापदाची कुळकथा



शब्दांच्या व्युत्पत्तीवर बोलण्याचा या माणसाला अधिकार काय, असा प्रश्न आपल्यापैकी काहींच्या मनात आला असेल, तर तो रास्तच आहे. माझे शाळेतले शिक्षण नववीत थांबले. पुढचे जे काही झाले ते युनियनच्या कचेरीत, कामगार न्यायालयाच्या बाकावर, आणि फोर्टच्या पदपथावर विकत घेतलेल्या एका जुन्या इंग्रजी कोशाच्या संगतीत. तेव्हा पंडिताचे विवेचन माझ्याकडून अपेक्षू नये. एका शब्दाशी माझा उभ्या आयुष्यात रोजचा संबंध आला आणि त्याने मला बरेच छळले, म्हणून मी त्याच्या कुळाची चौकशी केली, इतकेच. शब्द आहे 'स्ट्राइक'.

तो मला प्रथम भेटला कॅरमच्या खेळात. १९८२ साली मी बारा वर्षांचा होतो. लालबागच्या चाळीत आमचे बिऱ्हाड, आणि वडील गिरणीत साच्यावर. त्या वर्षी १८ जानेवारीला मुंबईच्या कापड गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास माणसे घरी बसली आणि आमच्या गॅलरीत सकाळपासून दिवे लागेपर्यंत कॅरम चालू लागला. एके दिवशी वाण्याच्या पुडीचा कागद माझ्या हाती आला. तो इंग्रजी वर्तमानपत्राचा तुकडा होता. अक्षरे जुळवीत मी मथळ्यातला एक शब्द वाचला : 'स्ट्रायकर्स'. मला वाटले, कुठल्याशा कॅरम सामन्याची बातमी असावी. खालच्या मजल्यावर एक कारकून काका राहत, त्यांना मी तो कागद दाखवला. त्यांनी चष्मा वर सरकवून वाचले आणि म्हणाले, "अरे, हे तुझ्या बाबांबद्दल आहे."

सोंगटीला टोला देणारी चकती आणि गिरणीबाहेर बसलेला माझा बाप, या दोघांना इंग्रज एकाच नावाने का हाक मारतो, हा प्रश्न तेव्हापासून माझ्या डोक्यात राहिला. पुढे कोश घेतला तेव्हा पाहिले, तर या एका क्रियापदाने त्यात दोन पाने अडवली होती. घड्याळाचे ठोके पडतात, ते 'स्ट्राइक'. वीज कोसळते, ते 'स्ट्राइक'. काडी पेटवणे, नाणे पाडणे, तंबू मोडणे, सौदा ठरणे, तेलाचा झरा लागणे, झाडाने मूळ धरणे, एखादी गोष्ट एकाएकी ध्यानात येणे, यादीतले नाव खोडणे आणि काम बंद ठेवणे, या साऱ्यांना क्रियापद एकच. दुष्काळाने गांजलेल्या मुलखाला इंग्रजी पत्रे जे विशेषण लावतात, तेही याच्याच एका जुन्या रूपापासून झालेले. एकाच नावाच्या रेशनकार्डावर इतकी माणसे कशी, असे मला झाले.

आज कोणाही इंग्रजी शिकलेल्या माणसाला या शब्दाचा पहिला अर्थ विचारला, तर तो 'मारणे, प्रहार करणे' असाच सांगेल. परंतु शब्दाचे बालपण तसे नाही. हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत त्याचे रूप साधारण 'स्ट्रीकान' असे होते, आणि त्याचा अर्थ होता हलकेच हात फिरवणे, घासणे, सारवल्यासारखे एकसारखे करणे. तसेच सरकणे, पुढे जाणे. मांजराच्या पाठीवरून हात फिरवण्याला इंग्रजीत 'स्ट्रोक' म्हणतात, तो याच घरातला. 'स्ट्रीक' म्हणजे रेघ, तीही याच घरातली. या घराण्याच्या शेजारच्या शाखा पाहिल्या म्हणजे जुना स्वभाव अधिकच उघड होतो. जर्मन भाषेत 'श्ट्राइखेन' म्हणजे पावाला लोणी लावणे, भिंतीला रंग देणे, लिहिलेल्यावर रेघ मारणे. डच भाषेत 'स्ट्रायकेन' म्हणजे कपड्याला इस्त्री करणे आणि व्हायोलिनवर गज फिरवणे. हॉलंडच्या वाद्यवृंदात 'स्ट्रायकर्स' बसतात ते तारवाद्ये वाजवणारे लोक. कोणाच्या फाटकावर घोषणा देत ते उभे नसतात.

इंग्रजीतही जुना अर्थ पुरता मेलेला नाही. धान्याचे माप शिगोशीग भरले म्हणजे वरची शीग सपाट करण्याकरता एक काठी फिरवीत, तिला इंग्रज याच नावाने ओळखत. १६११ सालच्या इंग्रजी बायबलात म्हाताऱ्या माणसांना 'वयाने स्ट्रिकन' म्हटले आहे. मी पहिल्यांदा ऐकले तेव्हा मला वाटले, वार्धक्याने झोडपलेले. तसे नव्हे. जुन्या 'पुढे जाणे' या अर्थाने वयात फार पुढे गेलेले, एवढेच त्यात आहे. आणि आगकाडीचे पाहा. काडीला कोणी मारीत नाही. पेटीच्या कडेवरून ती ओढायची असते. आपण मराठीत 'काडी ओढली' म्हणतो तेच बरोबर, आणि इंग्रजीत तेथे हे क्रियापद आपल्या मूळ घरी नांदते आहे.

मग हात फिरवणारा शब्द हात उगारू कसा लागला? चौदाव्या शतकाच्या सुमारास त्याला मारण्याचा अर्थ चांगलाच चिकटला होता. कोशकार यावर फारसे बोलत नाहीत, पण मराठी माणसाला ते समजायला जड जाऊ नये. आपलेच 'ओढणे' घ्या. आपण रेघ ओढतो, काडी ओढतो, आणि त्याच तोंडाने म्हणतो, मास्तरांनी पाठीवर दोन छड्या ओढल्या. टीकाकार कोरडे ओढतात. रेघ जोरात ओढली की वळ उठतो. इंग्रजी शब्दही, माझ्या समजुतीप्रमाणे, त्याच वाटेने गेला असावा. मारण्याचा अर्थ आला, आणि मग घड्याळ, वीज, टाकसाळ सारे मागोमाग आले. सौदा 'स्ट्राइक' करणे यात हातावर हात मारल्याचा आवाज आहे, असे मला वाटते. आपल्याकडे बैलबाजारात रुमालाखाली बोटे दाबून भाव ठरतो. तेथे आवाज नसतो, पण हात असतातच.

असो. माझ्या कामाचा अर्थ यात कुठून आला, ते सांगतो. त्यासाठी समुद्रावर गेले पाहिजे.

जुन्या 'सरकणे' या अर्थापासून खलाशांनी आपला एक अर्थ काढला : शीड किंवा निशाण सरकन खाली घेणे. वादळ आले की शीड खाली घ्यायचे, हा एक भाग. दुसरा भाग मानापमानाचा. बलवानाच्या जहाजासमोर दुबळ्याने शीड किंवा निशाण उतरवून मुजरा करायचा. इंग्लंडच्या लगतच्या समुद्रात परक्या जहाजांनी आपल्या आरमारापुढे असे निशाण उतरवलेच पाहिजे, असा इंग्रजांचा हट्ट असे. १६५२ च्या मे महिन्यात डोव्हरजवळ डच आरमाराचा ट्रॉम्प आणि इंग्रजांचा ब्लेक यांची गाठ पडली, निशाण वेळेवर खाली आले नाही, आणि तोफा सुटल्या. दोन देशांत आधीपासून धुमसत असलेले व्यापाराचे भांडण त्या दिवशी युद्ध झाले. लढाईत हरलेले जहाजही निशाण उतरवी. म्हणजे, श्रोतेहो, शरण जाणे, मान तुकवणे, याचे नाव त्या काळी 'स्ट्राइक' होते.

आता १७६८ सालाकडे यावे. इंग्लंडमध्ये धान्य महाग होते, मजुरी तुटपुंजी होती, आणि गावोगाव असंतोष होता. ईशान्य किनाऱ्यावर संडरलँड हे कोळशाच्या वाहतुकीचे बंदर. तेथील खलाशी एकत्र जमले, गावच्या चव्हाट्यावर त्यांनी आपल्या तक्रारींचा कागद वाचून दाखवला, आणि मग बंदरातल्या एकेका जहाजावर चढून शिडांच्या आडव्या काठ्या खाली उतरवल्या. काठ्या खाली म्हणजे जहाज जागचे हलणार नाही. मे महिन्यात लंडनला टेम्स नदीतल्या जहाजांवर हेच घडले. पगार वाढेपर्यंत एकही जहाज बाहेर पडायचे नाही, असा खलाशांचा निर्धार होता. कोणाला मारले नाही, काही जाळले नाही; शीड उतरवले. मुजऱ्याची जी खूण, तीच त्यांनी नकाराची खूण केली. क्रिया तीच, शीड खाली घेण्याची. फक्त ती कोणाच्या हुकमाने करायची, एवढे बदलले.

त्याच वर्षीच्या 'ॲन्युअल रजिस्टर' या वार्षिकात आणखी एक लहानशी नोंद आहे. टोप्या करणाऱ्या कारागिरांनी 'स्ट्राइक' केले आणि मजुरी वाढेपर्यंत काम करायचे नाकारले, अशी ती नोंद. टोपीवाल्याच्या दुकानात शीड कुठले? पण खलाशांचा शब्द तोवर किनाऱ्यावर आला होता. काही विद्वान म्हणतात की हत्यारे खाली ठेवणे, याही अर्थाने हे क्रियापद वापरीत, आणि आपला अर्थ तेथून आला असेल. शीड असो की हातोडा असो, दोन्हींत खाली ठेवणे आहे, उगारणे नाही. 'स्ट्राइक' हे नाम मागाहून, १८१० च्या सुमारास रूढ झाले. आधी काही काळ 'बाहेर पडणे' अशा अर्थाचा एक शब्द चाले. आपण 'कामगार बाहेर पडले' म्हणतो, तसाच.

त्या १७६८ ची एक गोष्ट आमच्या सभांतून सांगितली जात नाही, ती येथे सांगतो. त्याच उन्हाळ्यात टेम्सवरच्या कोळसा उतरवणाऱ्या हमालांचाही संप चालू होता. त्या वेळी कोळशाच्या गलबतांवरचे खलाशी स्वतःच कोळसा उतरवू लागले. हमाल आणि खलाशी यांच्यांत मारामाऱ्या झाल्या, त्यांत माणसे मेली. एका दारूगुत्तेवाल्याच्या घरावर गोळ्या झाडल्याबद्दल सात हमालांना जुलै महिन्यात शॅडवेलला फाशी दिले. शब्दाला जन्म देणारे हातच दुसऱ्याचा संप मोडीत होते. चळवळीच्या पहिल्या पानावरच हा डाग आहे, आणि तो पुसावा असे मला वाटत नाही.

कृती मात्र शब्दापेक्षा फार जुनी. इजिप्तच्या तिसऱ्या रामसेस राजाच्या एकोणतिसाव्या वर्षी, म्हणजे तीन हजारांहून अधिक वर्षांपूर्वी, राजांची थडगी खोदणाऱ्या कारागिरांचे धान्य थकले, तेव्हा ते काम टाकून देवळापाशी जाऊन बसले. त्याची हकीकत लिहिलेला पपायरस इटलीत तुरिनच्या संग्रहालयात आहे.

एवढे सगळे खोदत बसायचे कारण काय, असे कोणी विचारील. कारण सांगतो. वीस-बावीस वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. मुंबईबाहेरच्या एका इंजिनियरिंग कारखान्यात आमची युनियन होती. कारखान्याचे नाव सांगत नाही. ओव्हरटाइमच्या हिशेबावरून एका पाळीत काम थांबले. दुसऱ्या दिवशी चार जणांना दोषारोपपत्रे मिळाली आणि खातेचौकशी लागली. त्यातला एक टर्नर होता, साताऱ्याकडचा, सरळ माणूस. चौकशीत त्याने सांगितले, "आम्ही मशीन बंद पाडलं, साहेब. खोटं कशाला बोलू?" कारकुनाने त्याचे इंग्रजी केले. त्या इंग्रजीत मशीन 'स्ट्रक' झाले होते. खाली त्याची सही घेतली. पंधरा दिवसांनी त्याला बडतर्फीचे पत्र आले, आणि त्यात आरोप होता कंपनीच्या मालमत्तेवर प्रहार करून तिचे नुकसान केल्याचा.

आता आपल्या 'पाडणे' या क्रियापदाचा स्वभाव आपण जाणतो. आपण नाणे पाडतो, भाव पाडतो, तोंड पाडतो, आणि दुकान बंद पाडतो. बंद पाडलेल्या दुकानाची एक फळीही मोडलेली नसते. पण कारकुनाला पाडणे म्हटल्यावर पडझड दिसली, आणि इंग्रजीत त्याच्या हाती नेमका हाच शब्द आला, ज्यात संप आणि प्रहार शेजारी राहतात. मी कोशाची पाने घेऊन चौकशी अधिकाऱ्याकडे गेलो. त्याला शिडाची गोष्ट सांगितली. तो सज्जन होता, त्याने चहा मागवला आणि म्हणाला, "भाऊ, गोष्ट छान आहे. पण मी कागदावर जे आहे तेच बघणार."

प्रकरण कामगार न्यायालयात साडेतीन वर्षे चालले. तेथे माझ्या व्युत्पत्तीचा काडीचाही उपयोग झाला नाही. उपयोग झाला तो मशीनच्या नोंदवहीचा. पुढच्या पाळीत त्याच मशीनवर नेहमीइतका माल निघाला होता, ही नोंद एका फिटरने दाखवून दिली. टर्नरला पुन्हा नोकरी मिळाली, मागचा पगार निम्मा मिळाला. मधली साडेतीन वर्षे त्याने नाक्यावर हातगाडी लावून केळी विकली. तेव्हापासून मी सभासदांना बजावतो की चौकशीत 'बंद पाडलं' म्हणू नका, 'काम थांबवलं' म्हणा, आणि इंग्रजी कागदावर सही करण्यापूर्वी तो मराठीत वाचून घ्या.

दुसऱ्या भाषांत या कृतीला कोणती नावे आहेत, हे पाहण्याचा नाद मला त्या खटल्याच्या तारखांवर बसूनच लागला. पॅरिसमध्ये सीन नदीकाठी वाळूगोट्यांचे एक मैदान होते, 'ग्रेव' नावाचे. काम शोधणारे मजूर तेथे उभे राहत, आपल्या मजूर नाक्यासारखे. फ्रेंचांनी त्या मैदानाचेच नाव संपाला दिले. इटालियन 'शोपेरो' म्हणजे काम सोडणे, सरळ हिशेब. रशियन भाषेने इटालियन 'बास्ता' हा शब्द उचलला. 'बास्ता' म्हणजे बस्स, पुरे. पत्त्यांच्या डावात म्हणत असत. त्यापासून 'झाबास्तोव्का' झाला. जर्मनांनी मात्र इंग्रजांचा शब्द जसाच्या तसा घेतला.

आणि आपला 'संप'? गुजराती भाषेत संप म्हणजे आजही एकोपा, सलोखा. संप तेथे जंप, अशी त्यांची म्हण आहे; म्हणजे जेथे एकी तेथे शांती. मराठीत तोच शब्द कामगारांच्या एकीने होणाऱ्या कामबंदीला लागला. मुंबईतल्या कितीतरी गिरण्यांचे शेटजी गुजराती बोलणारे होते. घरी संप नांदावा म्हणून देवाला हात जोडायचे आणि गिरणीत संप होऊ नये म्हणून पोलीस कमिशनरला, अशी त्यांची तारांबळ होत असेल. ही माझी आपली गंमत. पण गंमतीत एक खरे आहे. इंग्रजांच्या शब्दात थांबलेले जहाज दिसते, आपल्या शब्दात एकत्र आलेली माणसे दिसतात. इंग्लंडच्या कायद्याने १७९९ आणि १८०० साली नेमके हे एकत्र येणेच गुन्हा ठरवले होते, ते १८२४ पर्यंत.

'हरताळ' तर याहून मौजेचा. दुकानाला कुलूप, हट्टाला टाळा, तो हरताळ. परंतु मराठीत दुसरा एक हरताळ आहे, पिवळे खनिज. पोथी लिहिताना चूक झाली की त्या अक्षरांवर हे पिवळे द्रव्य फासून ती झाकीत. 'तत्त्वांना हरताळ फासला' असे आपण म्हणतो तो हा हरताळ. दोन निराळे शब्द, उच्चार एक. एक काम थांबवणारा, दुसरा लिहिलेले खोडणारा. आणि इंग्रजीचे 'स्ट्राइक' पाहा. एकच शब्द, पण कामही तोच थांबवतो आणि लिहिलेलेही तोच खोडतो. हे मला सुचले तेव्हा मी लोकलमध्ये होतो आणि माझे स्टेशन पुढे निघून गेले.

या खोडण्याच्या अर्थाकडे आता वळतो, कारण तो मालकाच्या हातचा आहे. रेघ ओढण्याच्या जुन्या अर्थापासून नावावर रेघ ओढणे निघाले. हजेरीपटावरून नाव 'स्ट्राइक ऑफ' करणे. ऐकायला किती निरुपद्रवी! बडतर्फ केले असे म्हणायचे नाही, कमी केले असेही म्हणायचे नाही. नावावर रेघ मारली, झाले. बडतर्फ म्हटले की चौकशी आली, कपात म्हटले की नोटीस आणि नुकसानभरपाई आली. रेघेला काही लागत नाही, असा व्यवस्थापनांचा युक्तिवाद असे. दिल्लीच्या एका कापड गिरणीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९७७ साली, तेव्हाच्या १९४७ च्या कायद्याखाली, असे ठरवले की हजेरीपटावरून नाव खोडणे ही कामगार कपातच होय, आणि कपातीच्या साऱ्या अटी तिला लागू आहेत. या निकालाच्या आधारावर मी आजवर पुष्कळांची नावे पुन्हा पटावर चढवून घेतली आहेत.

एक नाव मात्र राहिले. वडील २००९ साली वारले. त्यांची पत्र्याची पेटी उघडली तेव्हा रेशनकार्ड, गावच्या जमिनीचा उतारा आणि गिरणीचा बिल्ला यांच्याखाली एक टंकलिखित इंग्रजी पत्र निघाले, १९८३ सालचे. आपण कामावर हजर न राहिल्यामुळे आपले नाव हजेरीपटावरून 'स्ट्रक ऑफ' करण्यात आले आहे, अशा अर्थाच्या तीन ओळी. वडिलांना इंग्रजी येत नव्हते. मी तोवर पंधरा-सोळा वर्षे दुसऱ्यांच्या बापांची अशीच पत्रे वाचून देत होतो, त्यांना अर्ज लिहून देत होतो. बाबांनी ते पत्र मला कधी दाखवले नाही आणि मीही कधी विचारले नाही. तो संप तर कोणी विधिपूर्वक मागे घेतलाच नाही.

कायदा संपाची व्याख्या कशी करतो, हेही पाहण्यासारखे आहे. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात संप म्हणजे कामगारांनी एकत्र येऊन केलेली कामबंदी किंवा संगनमताने दिलेला नकार. त्यात प्रहाराचा मागमूस नाही. कायदा करणाऱ्यांना शिडाचा अर्थ नीट ठाऊक होता म्हणायचे. त्या कायद्याची जागा घेणारी औद्योगिक संबंध संहिता २०२० साली संमत झाली आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये अमलात आली. तिने या व्याख्येत एक भर घातली आहे. निम्मे किंवा त्याहून अधिक कामगार ठरवून एकाच दिवशी किरकोळ रजेवर गेले, तर तोही संपच. मला यावरून विल्यम बेन्बोची आठवण झाली. या इंग्रज माणसाने १८३२ साली एक पुस्तिका काढली, आणि साऱ्या देशातल्या कष्टकऱ्यांनी एकदम काम थांबवावे या कल्पनेला नाव दिले 'महान राष्ट्रीय सुट्टी'. त्याने संपाला सुट्टी म्हटले. आपल्या संहितेने सुट्टीला संप म्हटले.

शेवटी ज्या एका घटनेत या शब्दाचे दोन अर्थ एकाच दिवसात एकत्र आले, ती सांगतो. ती आपल्या मुंबईतच घडली. १८ फेब्रुवारी १९४६ रोजी नौदलाच्या 'तलवार' तळावरच्या खलाशांनी निकृष्ट अन्न आणि अपमानाची वागणूक यांना कंटाळून अन्न आणि काम दोन्ही नाकारले. पाहता पाहता बंदरातली जहाजे त्यांना मिळाली. खलाशांनी जहाजांवरची ब्रिटिश निशाणे खाली उतरवली, आणि काँग्रेस, मुस्लिम लीग व कम्युनिस्ट पक्ष यांची निशाणे वर चढवली. १७६८ च्या खलाशांनी स्वतःची शिडे उतरवली होती. यांनी मालकाचे निशाण उतरवले. २२ तारखेला गिरणी कामगार त्यांच्या बाजूने बाहेर पडले. रस्त्यांवर गोळीबार झाला, त्या दिवसांत मुंबईत दोनशेंहून अधिक माणसे मेली. २३ तारखेला खलाशांनी माघार घेतली.

खलाशांनी आपली जी समिती निवडली तिचे नाव त्यांनी ठेवले होते 'नेव्हल सेंट्रल स्ट्राइक कमिटी'. सरकारने आपल्या कागदपत्रांत त्या घटनेला 'म्युटिनी' म्हटले, म्हणजे बंड. कारण लष्करी कायद्याला बंड कळते, संप कळत नाही. कुलाब्याला त्या खलाशांचे स्मारक आहे. त्यावर तिसराच शब्द आहे, 'उठाव'.